हूकवरची फुली

मेलेल्या माणसाने लागोपाठ तीन दिवस हूक नापास केला. अशी तक्रार घेऊन कारखान्याचा मालक चौकशीबाईंकडे आला, तेव्हा मास्तरांना आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा. चौकशीबाई खाजगी तपास करायच्या. मास्तर त्यांचे थोरले दीर. डोकं सावकाश चालायचं, पण सोबतीला खंदे.

कारखान्यात लिफ्ट टांगायचे हूक बनत. म्हातारे तपासनीस प्रत्येक हूक हातोडीने तीनदा ठोकून ऐकत आणि फुटक्यावर डाव्या हाताने खडूची तिरकी फुली मारत. महिन्यापूर्वी ते वारले. आता रोज सकाळी कुलूपबंद खोलीत सहापैकी एका हूकवर अगदी तशीच फुली निघायची. मालकाने ती पुसली, सगळ्यांना जाड रंग दिला, जागा बदलल्या. फुली उमटायची ती त्याच हूकवर. कामगार त्या दारापाशी फिरकेनात, आणि हूक उद्याच मुलांच्या इस्पितळात जायचे होते.

बाईंनी एकेकाला विचारलं. वॉचमन म्हणाला, पहाटे बंद दाराआड ठोकण्याचे तीन आवाज येतात, अगदी वारलेल्या तपासनीसकाकांसारखे. किल्ली त्याच्याकडे नव्हतीच. एक मालकाकडे, दुसरी नव्या तपासनिसाकडे. मालकाचे कान मशीनपायी कधीच गेलेले. तो ओठ बघून बोलणं ओळखायचा.

नवा तपासनीस म्हणजे म्हाताऱ्यांचा जावई. खोलीच्या मागच्या दाराला लागूनच त्याचं क्वार्टर, बायकोचे दिवस भरलेले. सहाही हूक मी ठोकलेत, सगळे चांगले आहेत, सही दिली आहे, असं तो खाली बघत म्हणाला.

बाईंनी हातोडी घेतली. पाच हूक खणखणले. फुलीवाला फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला. कुणी हूं की चूं केलं नाही.

"मास्तर, काय ऐकलंत?"

"फुलीवाला बद्द वाजला."

"मग गप्प का बसलात?"

"कुणीच बोललं नाही. चारचौघांत हसं नको, म्हटलं."

बाई मालकासमोर उभ्या राहिल्या. "रंगाखाली चीर दिसत नाही. फुली मारणारा ऐकून मारतो. तुमच्याकडे किल्ली आहे, कान नाहीत. वॉचमनला कान आहेत, किल्ली नाही. राहिला तपासनीस. आमच्या मास्तरांना ऐकू आलं ते त्याला आलं नाही, हे मी मानायचं? त्याने ऐकलं, खोटी सही केली आणि पहाटे मागच्या दाराने येऊन फुली मारली."

जावयाने कबूल केलं. एक जरी हूक बाद निघाला तर नोकरी आणि क्वार्टर दोन्ही सोड, असं मालकाने बजावलं होतं. सही केली, पण झोप उडाली. सासऱ्यांनीच, त्याच्या दादांनीच, काम शिकवलेलं, त्यामुळे त्यांची फुली हातात होती.

"दादांच्या नावाने खरं बोलणं सोपं गेलं, बाई. माझ्याकडे कुणी बोट दाखवणार नव्हतं."

"आणि फुली पुसून हूक गेला असता तर? लिफ्ट पोरांसकट कोसळली असती तर?"

"तर म्हटलं असतं, दादांनी सांगितलं होतं, तुम्हीच ऐकलं नाही."

स्वतःच्या तोंडून ते ऐकून तोच हादरला. त्याने कागद ओढला, हूक बाद असल्याचं लिहिलं आणि स्वतःची सही केली. मालक कुत्सितपणे म्हणाला, याचा शब्द कोण धरणार, आजच खोटा ठरलाय.

मास्तर पुढे झाले.

"मीही ऐकलंय. खाली माझं नाव घाला."

हूक गेला नाही. संध्याकाळी जावयाचं सामान क्वार्टरबाहेर आलं. त्यातला कोरा पाळणा मास्तरांनी उचलला आणि टेम्पोत ठेवला.