मोटेचं लोखंड

भुताखेतांना मी वर्गात शून्य मार्क देत असे. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो. १९८१ साली आमच्या तळघरात एक मापनयंत्र आलं. दक्षिणेतल्या एका खोल खाणीत नाजूक प्रयोग होणार होता आणि तिथं लागणाऱ्या लोखंडात किरणोत्साराचा लवलेशही चालणार नव्हता. अणुबॉम्बच्या आधी ओतलेलं लोखंड त्यातल्या त्यात स्वच्छ. अशा लोखंडाचे तुकडे शिशाच्या पेटीत ठेवून तपासायचे, हे माझं काम.

तसलं लोखंड माझ्या सासुरवाडीला, अल्लीपूरला होतं. सासरे रूपरावजींची, बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची मोट. इलेक्ट्रिक पंप आल्यापासून ती पडूनच होती. मधे एकदाच विहिरीत उतरवली होती, तीन वर्षांपूर्वी, आमच्या श्रावणला वर काढायला. तो चार वर्षांचा होता.

"तेच काऊन आणलं तुमी?" माझी बायको वच्छला म्हणाली.

"लोखंड हाय ते," मी म्हणालो. असला शहाणपणा माझ्याकडे पोत्यानं होता. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मोटेच्या तुकड्यांत पोटॅशियम सापडलं. तेही किंचित किरणोत्सारी. ते मातीत असतं, घामात असतं, म्हणून मी तुकडे घासले, ॲसिडनं धुतले. आकडा हलला नाही. दुसरं लोखंड ठेवलं की पेटी कोरी. शेवटी पोटॅश खताची मोजलेली पुडी ठेवून प्रमाण काढलं. अठ्ठावीस ग्रॅम. लोखंडात एवढं असूच शकत नाही. माणसाच्या अंगात मात्र किलोमागे दोन ग्रॅम असतं, असं पुस्तकात होतं. मी भागाकार केला आणि तिथंच बसून ओक्साबोक्शी रडलो. श्रावण चौदा किलोचा होता.

वच्छलाला सांगायला नको होतं, पण एकट्यानं सोसवेना. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी डबा घेऊन तळघरात यायला लागली. पेटीचं दार उघडायला लावायची आणि तुकड्यांवर हात ठेवून स्टुलावर बसायची.

"वाढून राह्यला का तो?" तिनं एकदा विचारलं.

वाढत होता. दिवाळीला पंधरा, होळीला सोळा. खाणीच्या लोकांना मी 'अयोग्य' असं कळवलं. तुकडे भंगारात द्या, असं त्यांचं उत्तर आलं. मी दिले नाहीत.

दार उघडं असल्यामुळे वच्छलाच्या अंगातलं पोटॅशियमही मोजलं जायचं. ते वजा करायला मी तिचा आकडा वेगळा काढत होतो. सुरुवातीला बेचाळीस किलो. गुढीपाडव्याला तीस. दवाखान्यातल्या काट्यावर मात्र ती बेचाळीसच भरली. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी स्वतः स्टुलावर बसून पाहिलं. माझा आकडा बरोबर होता.

मी तिला घरी थांबायला सांगितलं.

"लेकरू एकटं राहीन न," ती म्हणाली.

तुकडे अल्लीपूरला परत नेतो म्हटलं, तर ती तुकड्यांवरचा हात काढेना. मी नेले नाहीत. मलाही तो हवा होता.

पोळ्याच्या आदल्या सोमवारी ती दीड तास बसली. वांग्याची भाजी खारट झाली का, विचारलं. मी तिचा हात धरून पाहिला. ऊबदार होता.

तिचा आकडा रिकाम्या स्टुलाइतकाच आला.

"आज किती भरला?"

"अठरा."

किती दिवसांनी वच्छलाच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"अंगी लागून राह्यलं त्याच्या," ती म्हणाली.