चौकटीबाहेरचं बोट

सकाळी पावणेआठला ती ऑफिसात पोचली तेव्हा मास्तर एकटेच चहा ढवळत बसले होते. ते टीमचे प्रमुख, पण शिकवायची हौस दांडगी, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांचं ॲप होतं. रोज सकाळी आठला फोनवर पॉप-अपची चौकट यायची, 'बरं आहे ना?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. 'नाही' दाबलं की घरच्या माणसाला फोन लागायचा.

फोनमधली तयार चौकट बारीक अक्षरांची, म्हणून तिनं वडिलांसाठी स्वतःची चौकट घडवली होती. अगदी हौसेनं, रंगसुद्धा त्यांना विचारून. पण घाईत एक चूक राहून गेली. चौकटीबाहेर बोट लागलं तरी पॉप-अप बंद व्हायचा आणि नोंद पडायची, 'हो'. तीन आठवड्यांपूर्वी वडिलांचं असंच 'हो' आलं आणि ती निर्धास्त कामाला लागली. संध्याकाळी दार फोडावं लागलं, तोवर ते गेलेले होते. त्या सकाळी ते खरंच 'हो' म्हणाले होते, की मदत मागताना बोट बाहेर पडलं होतं? या एका प्रश्नानं तिची झोप उडाली होती.

आज दुरुस्ती तपासायची होती. आता बाहेर कितीही बोटं लावा, चौकट हलणार नव्हती. तिनं वडिलांचाच फोन आणला होता. त्यातलं सिमकार्ड केव्हाच काढलेलं. बोट टेकेल तिथे पांढरा ठिपका दिसावा, अशी सोय तिनं चालू केली, फोन टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

आठ वाजले. चौकट उमटली.

मग ठिपका उमटला. 'नाही'च्या खाली, चौकटीबाहेर.

"मास्तर... तुम्ही काही करताय?"

"मी? माझ्या हातात कप आहे." ते उठून जवळ आले आणि फोनवर वाकले. "काच खराब झाली असेल गं..."

ठिपका थरथरत पुन्हा उमटला. बाहेरच. पुन्हा एकदा. वर्तमानपत्राचं पान उलटताना वडिलांचा हात असाच थरथरायचा.

"बाबा," ती पुटपुटली, "थोडं वर घ्या... अजून थोडं..."

ठिपका वर सरकला. 'नाही' दबलं. चौकट मिटली.

तिचा फोन वाजू लागला. पडद्यावर 'बाबा'.

"उचल," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "उचलतेस ना...?"

उचलायचाच होता. तीन आठवडे ती या आवाजासाठी तळमळत होती. पण भीतीनं हात काही केल्या पुढे होईना. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि थांबला.

समोरच्या संगणकावर वडिलांच्या नोंदी उघड्या होत्या. आजच्या तारखेसमोर काहीच नव्हतं. बदलली होती ती तीन आठवड्यांपूर्वीची ओळ, सकाळी आठची. तिथे इतके दिवस 'हो' होतं. आता 'नाही' होतं, आणि पुढे ॲपच्या ठरलेल्या शब्दांत लिहिलेलं: मुलीला फोन लावला. मुलीनं उचलला नाही.