बेटावर राहिलेलं ताट

गौरांग, तो मोबाइल ठेव खाली. आणि वेदिका, शाल घे वं अंगावर, गच्चीवर दव पडून राहिलं. तू मघाशी विचारलंस ना, की खाली, शेजारच्या सिंधूताईच्या अंगणात, तुळशीपाशी, धुतलेला पाट काहून उभा करून ठेवला? परवा भाऊबीज, आणि तिला तर भाऊ नाही. सख्खा नाही, चुलत नाही, मानलेलाही नाही. दरवर्षी ती याच गच्चीवर येते आणि चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेली बाई दुसरं काय करणार?

सांगतो. पण मध्ये हसायचं नाही. अर्धी गोष्ट तिच्या नवऱ्यानं, देवरावनं मला सांगितली. उरलेली मी पाहिली. लोक मला भोचक म्हणतात. म्हणू द्या.

मागच्या डिसेंबरच्या पाच तारखेला देवराव मला घराची किल्ली द्यायला आला. चौतीस वर्षं त्यानं काटोलची एसटी चालवली, तेव्हा कुठे रिटायर झाला. पोरगा प्रीतम मिहानमधल्या कंपनीत नोकरीला आहे. त्यानं आईबापाला मुंबईहून जहाजाची सहल काढून दिली होती. चार रात्री जहाजावर आणि मध्ये एक दिवस बेटावर.

“तुळशीले पाणी घालजो,” देवराव म्हणाला. “आन् घरात उगाच फिरू नको.”

“मी काहून फिरीन गा तुझ्या घरात?”

“मागच्या खेपेले लोणच्याची बरणी अर्धी कशी झाली मंग?”

आतून सिंधूताई ओरडली, “लोणचं खाऊ द्या त्याईले! माझं ताट कुठं ठेवलं ते सांगा आधी!”

ताट म्हणजे स्टीलचं, खोलगट, लग्नातलं. मागे नाव घातलेलं होतं, ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत: ‘चि. सिंधूस, आईकडून.’ आई गेली, माहेरचं घर विकलं, राहिलं तेवढं ताट. ती त्याच ताटात जेवायची. जहाजावरही घेऊन गेली. तिथल्या ताटात कोण काय खाऊन गेलं असेल काय माहीत, म्हणे. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि डझनभर संत्री.

नऊ डिसेंबर, सोमवार. सकाळी नऊला जहाज बेटापासून दूर उभं राहिलं आणि लहान नावांतून सगळ्यांना किनाऱ्यावर नेलं. देवराव सांगे, पाणी इतकं नितळ की नावेची सावली खाली तळावर पळताना दिसे. वाळू पांढरी, डोळ्याला बघवत नव्हती. नारळाची झाडं पाण्यावर वाकलेली. शहाळं प्या, पाण्यात डुंबा, साडेतीनला शेवटची नाव. किनाऱ्याच्या एका टोकाला लाल दोरी बांधली होती. नाववाला म्हातारा हिंदीत दोनदा बजावून गेला, उसके उधर नहीं.

दुपारी भूक लागली. आता किनाऱ्यावर सगळे अर्ध्या चड्डीत, उघडे, ओले. त्यांच्यामध्ये नऊवारी नव्हे पण सहावारी तरी नेसून, डब्याची झाकणं उघडून जेवायला बसायची सिंधूताईला लाज वाटली. म्हणाली, तिकडं चला, सावलीत. आणि दोघं दोरीखालून वाकून पलीकडे गेले.

एवढंच. बाकी कोणी ती दोरी ओलांडली नसती. पण आपल्याकडच्या बाईला उघड्या माणसांत घास गिळत नाही.

नारळाखाली पदर पसरून ती बसली. पुऱ्या काढल्या. पहिला घास तोंडात जायच्या आत देवरावला दिसलं, दहा पावलांवर एक माणूस बसलेला आहे. पाठमोरा. शर्ट अंगाला चिकटलेला, ओला. आणि इतका वाळलेला, की पाठीचे मणके शर्टावरून मोजून घ्यावे.

आता आपण काय करतो? जेवताना कोणी दिसलं तर आपण काय म्हणतो? ओळखीचा असो, नसो?

“या भाऊ, जेवाले,” सिंधूताई म्हणाली.

तो उठला नाही. बसल्या बसल्या सरकत आला. तोंड खाली. तिनं आपल्या ताटात चार पुऱ्या, चटणी, सोललेलं संत्रं घालून पुढे केलं. त्यानं जेवायला सुरुवात केली, आणि देवराव म्हणे, मी चौतीस वर्षं रस्त्यावर काढली, धाब्यावर उपाशी माणसं पाहिली, पण असं खाणं नाही पाहिलं. चावणं नाही. नुसतं आत जाणं. तिनं आणखी घातल्या. त्या गेल्या. डबा उलटा केला. तोही गेला.

तिकडे भोंगा वाजला. शेवटची नाव.

“चला वं,” देवराव म्हणाला.

तेव्हा त्यांना आवाज आला. कुरकुर... कुरकुर... ताट तर रिकामं होतं. तो माणूस स्वतःची बोटं खात होता. उजव्या हाताची. ओठांवरून लाल ओघळ हनुवटीवर, हनुवटीवरून ताटात. डोळे मिटलेले. चव घेत असल्यासारखे.

देवरावनं बायकोला दंडाला धरून ओढलं. दोघं पळाले. वाळूत पाय रुतत होते. दोरीपाशी पोचले आणि सिंधूताईला ताट आठवलं. परत जायची हिंमत नाही. तिथूनच ती रडत ओरडली...

“भाऊ! ते ताट माझ्या मायचं आहे गा! तेवढं परत करजा! नागपूरले, सक्करदऱ्याले, तलावापाशी!”

त्यानं तोंडातून हात काढला. आणि मान हलवली. हो म्हणून.

नावेत देवरावनं म्हाताऱ्याला हळूच विचारलं, उधर कौन रहता है? म्हातारा पाण्याकडे बघत म्हणाला,

“उधर एक नाव टूटी थी. बहुत साल हुआ. सात आदमी. बत्तीस दिन.”

“फिर?”

“फिर... एक.”

“वो किधर है?”

म्हाताऱ्यानं नुसतं लाल दोरीकडे बोट केलं. देवरावनं हे बायकोला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेसुद्धा फार उशिरा.

ते परत आले. मी किल्ली द्यायला गेलो, तर देवरावनं एक किल्ली माझ्याकडेच राहू दे म्हटलं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. हा माणूस लोणच्यावरून एक शब्द बोलला नाही.

आता ती रात्र. एकवीस डिसेंबर, शनिवार. नागपूरची थंडी, तोंडातून वाफ निघत होती. मला झोप कमी. पावणेदोन वाजता मी पाणी प्यायला उठलो आणि आमच्या गल्लीत, वेदिका, समुद्रापासून शेकडो कोस लांब असलेल्या आपल्या गल्लीत, मला खारा वास आला. ओल्या दोरखंडाचा, सडलेल्या मासळीचा. कुत्री... एकही भुंकत नव्हतं. सगळी नाल्याच्या पुलाखाली जाऊन बसली होती, हे मी सकाळी पाहिलं.

मी देवरावच्या घराची किल्ली उचलून कंपाउंडच्या भिंतीपाशी गेलो. स्वभाव. शेजारच्या फाटकापासून दारापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती. दारावर थाप पडली. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

दिवा लागला. सिंधूताईनं दार उघडलं.

तो उभा होता. डाव्या हातात ताट. वर नारळाच्या झावळीचा तुकडा झाकलेला.

आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर घालतात, पोहे घालतात, काही नाही तर दोन लिंबं. त्याच्याकडेही ती रीत असावी.

सिंधूताईनं झावळी उचलली. ताटात हात होता. उजवा, मनगटापासून तुटलेला. बोटं अर्धी खाल्लेली. त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

मागून देवराव आला. कोपऱ्यात सब्बल होती, लोखंडी पहार, ती उचलून त्यानं त्या माणसाच्या डोक्यावर घातली. कवटी फुटली. शहाळं फुटतं तशी. आतून पाणी आलं. रक्त नाही. पाणी. देवरावनं दुसरा घाव घातला, खांद्यावर. खांदा खाली लोंबला. तिसरा. जबडा बाजूला झाला. दात फरशीवर टिपटिप पडले. मी ऐकले. मोजले नाहीत.

तो पडला नाही.

ताट त्यानं ओट्यावर ठेवलं. नीट. आवाज न करता. मग डावा हात उचलला आणि देवरावचा गळा धरला.

देवराव दणकट माणूस. त्याचे पाय जमिनीवरून सुटले. सब्बल पडली. तोंड निळं... नाकातून रक्त... आणि तो लटकलेला जबडा देवरावच्या गालाकडे येत होता. उघडा. भुकेला.

माझ्या मुठीत त्या घराची किल्ली होती. भांडण कोणाचंही असो, गल्लीत सर्वांत आधी धावणारा मी. पण पाय... पोरांनो, पाय हलले नाहीत. हे मी देवरावला अजून सांगितलेलं नाही.

हलली ती सिंधूताई. आत गेली. मला वाटलं, पळाली. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

“भाऊ,” ती म्हणाली. “जेवण झालं. हात धुवा.”

तिनं तांब्या तिरका केला. पाण्याची धार त्याच्या हाताजवळ धरली.

काही झालं नाही.

“हात धुवा गा. पाणी घेऊन उभी आहो मी.”

एक क्षण. दोन. देवरावच्या टाचा दाराला लागत होत्या. थाड. थाड. मग हळू...

मग त्याची बोटं उघडली. जेवण झालं की हातावर पाणी घ्यायचं, एवढं कुठेतरी त्याच्यात उरलं होतं. देवराव खाली कोसळला. त्या माणसानं हात पुढे केला. ओंजळ होईना. दुसरा हात नव्हता. एका हातानं एक हात कसा धुवायचा? तो तसाच उभा राहिला, आणि पाणी वाया जात राहिलं.

तेव्हा तिनं तांब्या खाली ठेवला आणि तिच्या दोन्ही हातांनी त्याचा तो हात चोळून धुतला. नखांतली वाळूसुद्धा काढली. पदरानं पुसला.

“हे तुमचं आहे,” ती ताटातल्या हाताकडे बघून म्हणाली. “हे घेऊन जा. मले माझं ताट पोचलं.”

त्यानं तो तुटका हात उचलला. छातीशी धरला. फाटकाबाहेर गेला. मी भिंतीखाली बसून घेतलं होतं. तो माझ्या जवळून, या भिंतीच्या पलीकडून गेला. पावलांचा आवाज तलावाकडे गेला, आणि मग पाण्यात.

देवरावच्या गळ्यावर चार बोटांचे वळ अजून आहेत. म्हणून तो मे महिन्यातही गमचा सोडत नाही. परवा भाऊबीज म्हणून कालच तो प्रीतमकडे राहायला गेला. हात धरून ओढत होता बायकोला. ती गेली नाही. म्हणाली, घरी कोणी आलं आन् कुलूप दिसलं तर?

आणि पाट धुवायला बसली.

हसू नको, गौरांग. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच गेलो होतो तिच्याकडे. फरशी कोरडी होती. दात नव्हते. ताट ओट्यावर पालथं होतं, वाळूनं घासल्यासारखं लख्ख. मी उचललं. मागे तिच्या आईनं घातलेलं नाव होतं. त्याच्या खाली, तशाच ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत, आपल्या मराठीत, एक नवी ओळ होती...

‘भावाकडून.’