मिरचीच्या पथाऱ्यांवरून

आधी सावली आली. गहू कापून झालेल्या रानातून सुगंधा विहिरीकडे चालली होती, आणि फाल्गुनातल्या त्या लख्ख दुपारी तिच्या अंगावरून काहीतरी गार सरकून गेलं. घार असेल म्हणून तिनं वर पाहिलं... आणि हातातली कळशी टाकून ती मटकन खालीच बसली.

लांबच लांब पंखांचं एक पांढरं विमान आंब्याच्या शेंड्याला लागून चाललं होतं. आवाज मात्र काहीच नाही, नुसती वाऱ्याची बारीक शीळ. बांध ओलांडून ते धसकटांत टेकलं, खरडत थोडं पुढं गेलं आणि एका पंखावर कलून थांबलं.

वरची काच उघडून एक तरुण बाहेर आला. उंच, सावळा, डोक्यावर उन्हाची कापडी टोपी. त्यानं आधी वाकून विमानाचं पोट तपासलं, मग तो तिच्याकडे वळला.

"लागलं का तुम्हाला?"

"मला?" सुगंधा साडी झटकत उठली. "पडलात तर तुम्ही."

"मी पडलो नाही, उतरलो."

"इथं? आमच्या रानात?"

"याला इंजिन नसतं. वर नेणारी हवा संपली की जवळ जे रान दिसेल ते आपलं म्हणायचं." त्यानं आजूबाजूला नजर फिरवली. "तुमचं रान छान आहे. सपाट."

"वडिलांना सांगा. त्यांना बरं वाटेल," ती म्हणाली, आणि हसू लपवायला कळशी उचलायला वाकली.

वडील आलेच. प्रकाशा गावच्या भाईदास पाटलांची तापीकाठी कापूस-केळीची शेती होती, आणि परवानगीशिवाय कुणी बांध ओलांडलेला त्यांना खपत नसे. हातात काठी घेऊन ते धापा टाकत आले.

"कोन शे रे तू? आनि हाई काय लई उना?"

तरुणानं टोपी काढून हात जोडले. "राम राम, काका. मी तयोदाना शे. चुनीलाल पटेलना पोऱ्या, शांतीलाल. वारा पडना म्हनीसन तुमना वावरमा उतरनू."

तळोद्याच्या चुनीलाल पटेलांना भाईदास बाजारामुळे ओळखत होते. काठी खाली आली.

"चुनीलालना पोऱ्या? मंग जेवाशिवाय कसा जाशी?"

जेवताना सगळं कळलं. शांतीलाल पुण्यात लोकांना ग्लायडर चालवायला शिकवत होता. नंदुरबारला शेतीचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे लोकांना दाखवायला त्यानं एक ग्लायडर आणलं होतं. मैदानाच्या टोकाला ठेवलेलं यंत्र लांब तार भराभर गुंडाळतं, आणि तारेला बांधलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. आज चांगल्या हवेच्या नादात तो फार लांब आला होता. आता त्याची माणसं जीप घेऊन येईपर्यंत थांबायचं होतं.

सुगंधानं वांग्याचं भरीत वाढलं. पहिल्याच घासाला त्याचे डोळे भरून आले.

"तिखट लागलं?"

"नाही... घर आठवलं."

"घर आठवलं की नाकातून पाणी येतं?"

त्यानं मुकाट्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. स्वयंपाकघरातून आईचा हसण्याचा आवाज आला.

सुगंधा नंदुरबारला मुलींच्या शाळेत शिकवायची, तिथेच रुक्मिणीफुईकडे, म्हणजे वडिलांच्या बहिणीकडे राहायची, आणि सुट्टीला प्रकाशाला यायची. हे कळल्यावर शांतीलाल म्हणाला, "मग प्रदर्शनाला या. ग्लायडरमध्ये दोन जागा असतात, एकामागे एक. पुढची तुमची."

"मी? तोरणमाळच्या सहलीला सगळा घाट मी डोळे मिटून चढले होते."

"मग तोरणमाळ पाहिलंच नाही तुम्ही."

"वर पोचल्यावर पाहिलं की."

"वर पोचल्यावर तर मीही दाखवीन," तो म्हणाला.

जीप आली. माणसांनी पंख सोडवून ग्लायडर गाडीवर लादलं. जाताना त्यानं एकदाच मागे वळून पाहिलं... म्हणजे, सुगंधानं पाहिलं तेव्हा तरी एकदाच.

त्या संध्याकाळी भाईदासांनी तिला विचारलं. शहाद्याच्या एका कापूस-जिनिंगवाल्याच्या घरून स्थळ आलं होतं. मुलगा पाहून गेला होता, पसंती कळवली होती. लग्नानंतर शाळा सोडायची, एवढंच त्यांचं म्हणणं. शनिवारी नंदुरबारला ती मंडळी भेटणार होती, तेव्हा शब्द द्यायचा होता.

"काय सांगू त्यासले?"

सुगंधा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शाळा तिला सोडायची नव्हती. पण वडिलांसमोर 'नको' हा शब्द तिच्या तोंडून आजवर कधी निघाला नव्हता. ती गप्प राहिली, आणि गप्प राहण्याचा आपल्याकडे जो अर्थ घेतात तोच घरात घेतला गेला.

शनिवारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. रुक्मिणीफुईच तिला ओढत घेऊन गेली. शांतीलालनं लांबूनच हात हलवला. सुगंधाचे पाय जागीच थांबले.

"जाय वं पोरी," फुई म्हणाली. "मन्हा गुडघा दुखतस, नहीतं मीच बठती."

पुढच्या जागेवर बसल्यावर शांतीलालनं तिच्या खांद्यांवरून पट्टे आणून पोटाशी अडकवले. पट्टा ओढताना त्याची नजर तिच्याकडे नव्हती, मुद्दाम नव्हती. "घट्ट झाले?" त्यानं विचारलं. "झाले," ती म्हणाली, आणि तो मागे जाऊन बसला.

तार ताणली गेली. धसमुसळा एक हिसका, धडधड... आणि पाठीवर पडल्यासारखं होऊन सगळं आभाळच पुढ्यात आलं. सुगंधानं डोळे गच्च मिटले. कुठेतरी 'खट्' झालं, तार सुटली, आणि मग धडधड नाही, हिसके नाही... काहीच नाही.

"मिटलेत ना?" मागून आवाज आला.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर मागे आहात."

"मान आखडलीय तुमची."

तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. खाली नंदुरबारची कौलं, रेल्वेचे रूळ. दूरवर तापीची चकाकती रेघ आणि तिच्यापलीकडे निळा सातपुडा. आणि गावाच्या कडेला लाल... मैलभर नुसतं लाल. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली.

"आवडलं?"

"बोलू नका जरा."

ग्लायडर सावकाश गोल फिरत वर चढत राहिलं. शेजारून एक घार तशीच फिरत होती, पंख न हलवता. त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि कदाचित म्हणूनच सुगंधाच्या तोंडून निघून गेलं, "माझं लग्न ठरतंय."



"बरं," तो म्हणाला. "मुलगा आवडला?"

"नाही. शाळाही सोडायची आहे. आज वडील शब्द देणार आहेत, आणि मला... मला नको म्हणता येत नाही."

"आता म्हणून बघा. इथं कोण ऐकतंय?"

"तुम्ही ऐकताय ना."

"मी मागं बसणारा. मला ऐकू आलं तरी उतरल्यावर आठवत नाही."

सुगंधानं श्वास भरून घेतला. "नको," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "मला ते लग्न नको." आणि त्याच श्वासाबरोबर खालून वर आलेला मिरचीचा खकाणा नाकात गेला. ती शिंकली, लगेच पुन्हा. मागून तोही शिंकायला लागला. दोघंही शिंकत होते आणि हसत होते, आणि ग्लायडर डुलत होतं. सुगंधाला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

त्या हसण्यातच हवा कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही. घरांची कौलं मोठी दिसू लागली. मैदान अजून लांब होतं, फारच लांब. खाली सगळीकडे मिरची, आणि मिरचीत बसून देठं खुडणाऱ्या बायका.

"सुगंधा," त्याचा आवाज बदलला होता. "डोया मिटू नको. तू मन्हा पुढे शे, माले समोरनं धड दिसत नही. काय शे ते सांगत ऱ्हाय."

तिनं दोन्ही हातांनी पट्टे घट्ट धरले. पण डोळे तिनं उघडे ठेवले.

"समोर बायका बसल्यात... उजवीकडेही. डावीकडे, निंबाच्या पलीकडे पट्टा मोकळा आहे."

ग्लायडर डावीकडे कललं. निंबाची पानं सुद्धा दिसायला लागली.

"थांब, बैलगाडी. पट्ट्यात बैलगाडी येतेय... अजून डावीकडे... अजून."

"गयी गाडी?"

"गेली. आता मोकळं आहे. आता उतर."

जमीन धावत वर आली. एक दणका, पोटाखाली खरखर, धुळीचा लोट... आणि ग्लायडर थांबलं. निंबावरून चिमण्यांचा थवा उडाला, मग तोही आवाज विरला.

"लागनं का तुले?"

"नाही." तिला स्वतःचाच आवाज दुरून आल्यासारखा वाटला. "तुम्हाला?"

"नाही." तो उतरून पुढे आला. त्यानं तिचे पट्टे सोडवले. "चुकलं माझं. हवेकडे लक्ष ठेवायचं सोडून मी हसत बसलो. असं आजवर कधी झालं नाही."

"तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"कधी?"

"निंबाच्या वर."

"तुम्हीही 'थांब' म्हणालात मला."

"ते बैलगाडीला म्हटलं होतं."

"आणि 'उतर'?"

सुगंधा पदरावरची धूळ झटकायला लागली. तेवढ्यात मिरची निवडणाऱ्या बायका धावत आल्या. त्यांतल्या एकीनं तिच्या हातात पाण्याचा लोटा दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग हळूच बोट लावून पंखाचं कापड दाबून पाहिलं. सगळ्याजणी खिदळल्या.

शेताच्या वाटेनं एक टांगा भरधाव येत होता. त्यात रुक्मिणीफुई होती, आणि तिच्याशेजारी उघड्या डोक्यानं, पागोटं कुठेतरी पाडून आलेले भाईदास. शहाद्याच्या मंडळींना भेटण्याआधी ते बहिणीला शोधत प्रदर्शनात पोचले, तो त्यांना दिसलं ते झाडांमागे बुडणारं विमान, आणि कळलं ते आत आपली मुलगी आहे एवढंच.

टांगा थांबायच्या आत ते उतरले. सुगंधा त्यांना समोर उभी दिसली. ते बांधावर बसले. मग तिला जवळ बसवून तिचे हात, कोपरं, कपाळ चाचपत राहिले.

"काही व्हयनं नही ना तुले?"

"नही, आबा. मी चांगली शे." आणि मग, धीर जायच्या आत, "आबा, शहादावालासले नही म्हनी सांगा. माले तठे नही करनं."

भाईदास तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येतोय की काय म्हणून ती वाट बघत होती. पण त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला, आणि त्यांचे खांदेच खाली आले.

"मालेबी नही आवडनं ते घर. तुन्ही शाळा सोडानं बोलनात, तवयच नही पटनं. पन तू गुमसुम ऱ्हायनी. माले वाटनं, तुन्ही इच्छा शे." त्यांनी डोळे पुसले. "बरं व्हयनं बाई. बरं व्हयनं सांगं ते."

शांतीलाल मान खाली घालून उभा होता. "काका, चूक मन्ही शे," तो म्हणाला. भाईदासांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. सगळ्यांना वाटलं, आता काही खरं नाही.

"चूक तं शेच," ते म्हणाले. "पन मिरचीमा बठेल एकबी बाईले धक्का नही लागू दिधा तू."

"त्या सुगंधाबाईंना दिसल्या, म्हणून."

रुक्मिणीफुईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भाचीकडे, आणि भावाला कोपरानं ढोसलं. पण त्या दिवशी लग्नाची गोष्ट कुणी काढली नाही. ग्लायडर दुसऱ्या सकाळी पुण्याला गेलं. सुगंधा वर्गात पाढे घेताना खिडकीबाहेरच्या घारींकडे बघायला लागली, आणि मुली एकमेकींना खुणा करायला लागल्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती प्रकाशाला आली. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता आणि गावातल्या पोरी गाणी म्हणत झुलत होत्या. दुपारी दारात जीप थांबली. चुनीलाल पटेल उतरले, त्यांच्या पत्नी उतरल्या, आणि मागून इस्त्रीचा सदरा घातलेला शांतीलाल. फुईच्या कोपरानं काम केलं होतं तर.

मोठी माणसं ओसरीवर बसली. आईनं सुगंधाला चहा टाकायला पाठवलं. पाणी मागायच्या निमित्तानं तो मागच्या दारी आला.

"पुण्यात माझ्या घरापासून चालत जाता येईल अशी मुलींची शाळा आहे," तो म्हणाला. "बाईंची जागा रिकामी आहे. विचारून आलोय."

"माझ्या आधी शाळेला विचारलंत?"

"तुम्हाला विचारायचा धीर होत नव्हता. शाळेला विचारायला सोपं होतं."

"मग आता?"

अंगणात झोक्याचे दोर करकरत होते. त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि पुण्याची सगळी भाषा विसरून म्हणाला, "माले तू आवडस, सुगंधा."

शाळेतल्या मुलींशी, साहेबांशी, आणि आजवर त्याच्याशीही ती बाईंचं शुद्ध मराठीच बोलत आली होती.

"मालेबी," ती म्हणाली.

चहा उतू गेला. दोघांनी एकदमच हात पुढे केला, चूल फसफसली, आणि ओसरीवरून भाईदासांनी हाक मारली, "काय व्हयनं वं?"

"काही नही, आबा," सुगंधा हसत म्हणाली. "आखो एकदा टाकस."

शांतीलाल तिथेच पाटावर बसून आल्याचा तुकडा ठेचायला लागला. बाहेर कुणाला घाई नव्हती.