आरशावरच्या दोन टिकल्या

भालचंद्ररावांनी भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला आणि ते मनगटाकडे बघायला लागले. बार्शीत आताशा सगळ्यांना हीच खोड लागली होती. काही दुखलं की दुखऱ्या जागेवर हात ठेवायच्या आधी मनगट बघायचं.

"काय झालं हो?" इंदुमतीनं तव्यावरची भाकरी उलटत नवऱ्याला विचारलं.

"काही नाही. हात दुखतोय. निळी आहे."

निळी म्हणजे चेतावेदना, शिरेचं दुखणं. चेता-टिकली दिसायला कपाळावरच्या टिकलीएवढीच, पण मनगटावर चिकटवली की चेतातंतूंतून धावणारे विजेचे बारीक संदेश वाचायची, घामातली रसायनं तपासायची आणि दुखण्याचं मूळ रंगानं सांगायची. स्नायू किंवा सांधा असेल तर पिवळी, चेतातंतू असेल तर निळी, आणि आत हृदयाबिदयाचं काही बिघडलं तर लाल. लाल झाली की रुग्णवाहिका न बोलावता दारात. ज्याच्या अंगावर असेल त्याचं अंग ती महिनाभर शिकायची आणि एकदा शिकली की विसरायची नाही. पूर्वी मानेतली शीर दबलेला माणूस हृदयाच्या धास्तीनं दवाखान्यात धावायचा आणि खरा झटका आलेला 'पित्त असेल' म्हणत सोडा पीत बसायचा. टिकली आल्यापासून तो घोळ मिटला होता.

इंदुमतीला मात्र चैन पडेना. गिरणीत पोती उचलून यांचे हात दुखायचे, हे जुनंच होतं. पण तेव्हा पिवळी यायची.

"निळी कशी आली?"

"आठवडाभर निळीच येतेय. मान धरली असेल."

"आणि एवढा घाम? थांबा, मी दवाखान्यात फोन लावते."

"उगाच राईचा पर्वत करू नकोस! तुझ्या पायांची आग होते तेव्हा मी करतो का गोंधळ? गिऱ्हाईकं खोळंबलीत तिकडं."

तिनं फोन लावलाच. पलीकडची मुलगी म्हणाली, "मावशी, टिकली कोणत्या रंगाची?"

"निळी. पण अगं, घामानं भिजलेत..."

"निळी ना? मग घाबरू नका. शिरेची गोळी द्या आणि सोमवारी घेऊन या."

फोन बंद झाला. इंदुमतीनं मनातल्या मनात त्या पोरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग ती पदर खोचून नवऱ्यासमोर येऊन बसली.

"कसं दुखतंय ते सांगा."

"निळं."

"निळं कुठं दुखतं का कधी! ठणकतंय? चमक मारतेय? मुंग्या येतायत?"

भालचंद्रराव गोंधळले. असं कुणी विचारून कैक वर्षं झाली होती. "तसं नाही गं," ते शब्द शोधत म्हणाले. "जबड्यापर्यंत ओढतंय. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं."

इंदुमतीनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. साखरेच्या दुखण्यानं तिच्या पायांचे चेतातंतू कधीच खराब झाले होते. त्या पायांना सुया टोचायच्या, आग व्हायची, पण पाटा कधी कुणी ठेवला नव्हता. तिनं त्यांचं मनगट ओढून डोळ्यांजवळ नेलं. टिकलीची कड हळदीनं पिवळी झाली होती. चहासुद्धा हातानं करून न घेणाऱ्या माणसाच्या टिकलीला हळद कुठली?

"अगं बाई!"

आंघोळीआधी दोघांच्या टिकल्या आरशाच्या कडेला चिकटायच्या. लग्न झाल्यापासून ती कपाळावरची टिकली तिथंच लावायची, तशीच हीसुद्धा. यांची डावीकडे, तिची उजवीकडे. घटस्थापनेआधी घर धुऊन काढताना तिनं आरसा लख्ख पुसला होता आणि टिकल्या परत लावल्या होत्या. तेव्हाच त्या उलटसुलट झाल्या. यांच्या मनगटावर तिचं अंग शिकलेली टिकली बसली होती, आणि परक्या अंगाचं दुखणंही ती इंदुमतीच्या पायांसारखं निळंच वाचत होती.

इंदुमतीनं स्वतःच्या मनगटावरची टिकली ओरबाडून काढली आणि यांच्या हाताला दाबून धरली. क्षणभर ती पिवळी राहिली. मग लालभडक झाली.

रुग्णवाहिका आली तेव्हा भालचंद्ररावांची शुद्ध हरपत चालली होती. ती अनवाणीच मागे चढली.

दुपारी डॉक्टर किणीकर बाईंनी तिला शेजारी बसवलं. "हृदयाच्या रक्तवाहिनीतली रक्ताची गाठ काढली. वेळेत आणलंत. ते धोक्याबाहेर आहेत."

इंदुमतीला रडू फुटलं. बाईंनी तिला मनसोक्त रडू दिलं, टिकल्यांच्या अदलाबदलीची हकीकत ऐकून घेतली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस त्यांची टिकली तुमच्या हातावर होती. ती काय दाखवत होती?"

"पिवळी. पायांची आगही थांबली, मला वाटलं शिरेचं बरं झालं, नुसते दमतायत पाय. म्हणून गोळ्या सोडल्या."

बाईंचा चेहरा उतरला. त्या खाली वाकल्या. इंदुमतीच्या टाचेखाली फरशीवर रक्ताचा डाग पसरला होता.

"इंदुमतीबाई, टाचेत काच रुतलीय. केवढी आत गेलीय! दुखत नाहीये तुम्हाला?"

इंदुमतीनं चटकन मनगट वर केलं. तिथं टिकलीच्या जागी कातडीचा नुसता पांढुरका गोल होता. ती त्या गोलाकडे बघत राहिली.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "दुखतंय का मला?"