'रिकामं' कोण म्हणालं?

ही घटना खरी आहे. माझ्यासोबत घडली आहे, आणि अजून संपलेली नाही.

भुतं रात्रीची येतात म्हणतात. माझ्या बाबतीत जे झालं ते सगळं लख्ख उजेडात झालं, आणि तेच मला जास्त सलतं. रात्र असती तर निदान मनाला समजावलं असतं, की डोळा लागला होता.

मी नोरीन. वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरात राहते, शाळेची बस चालवते. घरी एकटीच असते. रॉइस माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं, त्यामुळे तो भाऊ कमी आणि लेकरू जास्त.

आमच्याकडे बंदूक नाही असं घर सापडायचं नाही. मीही लहानपणापासून बाबांच्या रायफली हाताळल्या. पण स्वतःचं, स्वतःच्या पैशाने घेतलेलं पिस्तूल कधी नव्हतं. चाळिशी उलटली तरी नव्हतं. रॉइस त्यावरून मला चिडवायचा.

ऑक्टोबर होता. शनिवारी सकाळी आमच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या फौजांचा माल मांडलेला. त्यात ते पडलं होतं. चपटं, काळं, कडांना झिजून पांढरं झालेलं. वर कुठल्याशा परक्या लिपीतली अक्षरं.

माझी नजर हलेना.

"ताई, तोंड मीट," रॉइस कानात म्हणाला. "दाढीवाल्याने पाहिलं तर भाव वाढवेल."

टेबलामागच्या दाढीवाल्याने पाहिलंच होतं. "युगोस्लाव्हियाच्या फौजेचं आहे," तो म्हणाला. "देश बुडाला, हे तरलं."

"आधी कुणाकडे होतं?" मी विचारलं.

"पेट्या भरून येतात, बाई. नाव कुणाचंच येत नाही."

तो हसला, म्हणून मीही हसले. घासाघीस झाली, कागदपत्रं झाली, सरकारी चौकशीचा फोन झाला, आणि पिस्तूल माझं झालं. घरी येताना मी ते मांडीवर घेऊन बसले होते. इतका आनंद मला नवी गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

बंदूक हातात घेतली की आधी उघडायची. पिस्तूल असेल तर गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, वरची स्लाइड मागे ओढून अडकवायची, आत पाहायचं, बोट घालून चाचपायचं. आणि मग मोठ्याने म्हणायचं, "रिकामं."

एकटे असलात तरी म्हणायचं. बाबांनी हे चापट्या मारून शिकवलं होतं.

आणि दुसरा कुणी "रिकामं" म्हणाला की आपण त्याच्यासमोर निर्धास्त पाठ फिरवायची. परत विचारायचं नाही. आमच्या डोंगरात त्या शब्दावर शंका घेणं म्हणजे आईवरून शिवी देण्यासारखं आहे.

त्या दुपारी मी पिस्तूल साफ करायला घेतलं. जुना फौजी माल घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेला असतो. ते वितळवायला आमच्यातली शहाणी माणसं पिस्तूल सरळ ओव्हनमध्ये ठेवतात. रॉइसने एकदा तसं केलं, तर डार्लाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला दोन दिवस व्हरांड्यात झोपवलं होतं. मला कोण ओरडणार? पण ओव्हनमध्ये घालायच्या आधी रीत ती रीत.

मी स्लाइड मागे ओढली. आत पाहिलं. बोट घातलं.

"रिकामं," मी म्हणाले.

आणि शेजारच्या खोलीतून...

"रिकामं."

रॉइसचा आवाज. तो 'र' थोडा ओढून बोलतो, तसाच.

मला वाटलं, मागच्या दाराने आला असेल. "चहा टाकते रे," मी ओरडले.

पाणी उकळलं तरी तो आत आला नाही.

मी जाऊन पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती.

मी रॉइसला फोन केला. तो त्याच्या घरच्या छपरावर पत्रे ठोकत होता. हातोड्याचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता.

"ताई, ग्रीसचा वास डोक्यात गेला तुझ्या," तो म्हणाला. "खिडकी उघड."

मी खिडकी उघडली. आणि गोष्ट सोडून दिली.

पुढच्या रविवारी आम्ही आमच्या क्लबच्या मैदानावर गेलो. मैदान म्हणजे दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा. एका टोकाला बाकं, दुसऱ्या टोकाला मातीचा बांध, बांधापुढे लाकडी चौकटींवर निशाण्याचे कागद. पगारी देखरेख कुणाची नाही. आम्हीच एकमेकांना विचारायचं, आम्हीच उत्तर द्यायचं. सगळ्यांचं "रिकामं" आलं की मगच पुढे जाऊन कागद बदलायचे.

त्या दिवशी तिघंच होतो. मी, रॉइस आणि वर्जिलकाका. वर्जिलकाका बाबांचे दोस्त, क्लबमधले सर्वांत जुने. त्यांच्यासमोर बंदुकीचं तोंड चुकून जरी वाकडं झालं, तरी ते कान धरून बाहेर काढत.

पहिली फेरी झाली. माझं नवं पिस्तूल छान चाललं. काकांनी विचारलं, "रिकामं?"

"रिकामं," मी म्हणाले.

"रिकामं," रॉइस म्हणाला.

आणि मग...

"रिकामं."

पुन्हा रॉइसचाच आवाज. काका हसले. "टेकडीचा प्रतिध्वनी."

प्रतिध्वनी असेल तर काकांच्या प्रश्नाचा का आला नाही? माझ्या उत्तराचा का नाही? शिवाय आमच्या कानांवर जाड मफ होते. त्यातून सगळ्यांचे आवाज दबून येतात.

हा दबलेला नव्हता. मफच्या आतूनच कुणी बोलावं, तसा आला होता.

मी काकांना तिथेच सांगितलं. घरी ऐकलेलंही सांगितलं. ते म्हणाले, "नोरीन, पोरांची बस चालवून तुझे कान गेलेत."

दुसऱ्या फेरीला रॉइसने माझं पिस्तूल मागून घेतलं, स्वतःचं मला दिलं. "बघू तरी, म्हातारीचा प्रियकर कसा आहे," म्हणाला. त्याच्या बाकावरून गोळ्या सुटल्या. मग थांबल्या.

काकांनी विचारलं, "रिकामं?"

"रिकामं," मी म्हणाले.

"रिकामं..."

रॉइसचा आवाज. 'र' ओढलेला.

काकांनी पाठ फिरवली आणि चालू लागले. मीही निघाले. रीतच तशी आहे. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चौकटीपाशी पोचले. कागद सोडवायला हात वर केला.

मागे गोळी सुटली.

माझ्या कानाजवळची लाकडी पट्टी फुटली. तिचा तुकडा गालात घुसला. अजून वण आहे.

मी वळले. रॉइस बाकावर वाकला होता, पिस्तूल बांधाच्या दिशेने धरलेलं. त्याने मान वर केली, आणि मला पाहून त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"तू तिथे काय करतेस?" तो म्हणाला. "ताई, तू तिथे काय करतेस?"

त्याच्या हातातल्या पिस्तुलात काडतूस अडकलं होतं. मान खाली घालून तो ते सोडवत होता. मफमुळे काकांचा प्रश्न त्याला ऐकूच गेला नव्हता. चापावर बोट नव्हतं, असं तो आजही शपथेवर सांगतो. अडकलेली स्लाइड झटक्यात पुढे गेली आणि गोळी सुटली.

"तू रिकामं म्हणालास," काका म्हणाले.

"मी काहीच म्हणालो नाही."

"माझ्या कानांनी ऐकलं, पोरा."

"काका, मी तोंडच उघडलं नाही."

"काका, तो नव्हता," मी म्हणाले. गालातून रक्त गळत होतं, तरी मी तेच तेच सांगत राहिले. काकांनी मला रुमाल दिला आणि रॉइसला सांगितलं, "सामान उचल. परत येऊ नकोस. चूक माफ केली असती. खोटं नाही."

आमच्याकडे बातमी पायाला चाक लावून फिरते. आठवडाभरात सगळ्या खोऱ्याला कळलं. रॉइस भरलेलं पिस्तूल हातात धरून "रिकामं" म्हणाला, स्वतःच्या बहिणीला मारायला निघाला होता. कुणी भांडलं नाही. फक्त कुणी त्याला शिकारीला बोलावेना. चर्चमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर कुणी बसेना.

मी दारोदार सांगितलं. लोक माझा हात थोपटायचे. बहीणच ती, भावाला पाठीशी घालणारच.

एका दुपारी रॉइस माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. समोरच्या पेपरोनी रोलला त्याने हात लावला नव्हता.

"ताई, मीच तर म्हणालो नसेन ना?" तो म्हणाला. "तुम्हा दोघांनाही ऐकू येतं, आणि मलाच नाही."

मी त्याला जवळ घेतलं. त्याला द्यायला दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

ते पिस्तूल विकायचं नाही असं आम्ही ठरवलं. दुसऱ्याच्या गळ्यात कशाला घालायचं? खाली गावातल्या गॅरेजात वेल्डिंग करणारा ड्वेन आहे. त्याच्याकडे घेऊन गेलो, म्हटलं तुकडे कर.

ड्वेनने ते लोखंडी टेबलावर ठेवलं. धातू कापायची गॅसची टॉर्च पेटवली. आणि सवयीने विचारलं, "रिकामं?"

मी रॉइसच्या तोंडाकडे पाहत होते. मुद्दाम. डोळ्याची पापणीही लवू दिली नाही.

त्याचे ओठ मिटलेले होते...

"रिकामं."

ड्वेनने मान डोलावली आणि टॉर्च पुढे केली.

मी झडप घालून त्याचा हात धरला. पिस्तूल उघडलं. बोट घातलं.

आत काही नव्हतं. खरंच रिकामं होतं.

यावेळी ते खरं बोललं होतं. का कोण जाणे, मला ते खोट्यापेक्षा जास्त भयंकर वाटलं. रॉइसने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही ऐकू आलं होतं, पहिल्यांदाच. स्वतःचा आवाज, स्वतःच्या बाहेरून.

ड्वेनने तुकडे केले. आम्ही ते नदीत टाकले. मला वाटलं, सुटलो.

रॉइसला गावात तोंड दाखवणं जड झालं होतं. डार्लाचं माहेर अलास्कात. दोघं तिकडे निघून गेले. जाताना तो म्हणाला, "दर रविवारी फोन कर, ताई."

मी केला. दर रविवारी, जेवण आटोपलं की. तो उचलायचा. "ठीक आहे मी, ताई. काळजी करू नकोस," म्हणायचा. बर्फ किती पडला ते सांगायचा. मी आईच्या 'ॲपल पाय'ची आठवण काढली, तर आई ती कशी खालून करपवायची हेही सांगायचा. हळूहळू मला झोप लागू लागली.

गेल्या बुधवारी डार्लाचा फोन आला.

"ताई, काही चुकलं का आमचं?"

"का गं?"

"इथे आल्यापासून तुमचा एकही फोन नाही. रॉइस दर रविवारी फोनपाशी बसून असतो. मी जेवायला बोलावलं तरी उठत नाही. हल्ली तर बोलतही नाही कुणाशी."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"त्याला दे," मी कसंबसं म्हणाले.

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"ठीक आहे मी, ताई," तो म्हणाला. "काळजी करू नकोस."

तेच शब्द. तोच ओढलेला 'र', रॉइस म्हणतो तसा. हा कोण? काही विचारून खात्री करावी, तर काय विचारू? रविवारी बोलायचा, त्यालाही सगळं ठाऊक होतं. करपलेली 'ॲपल पाय'सुद्धा.

मग तो अगदी हळू म्हणाला, लहानपणी घाबरल्यावर बोलायचा तसं.

"ताई... ही तूच ना?"

तेव्हा मला कळलं, की हा माझा रॉइस. हा खरा. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं...

त्याआधीच फोनमध्ये कुणीतरी म्हणालं, "हो रे, मीच."

माझ्या आवाजात.

"बरं," रॉइस म्हणाला. सुटका झाल्यासारखा. मी ओरडत होते, त्याचं नाव घेत होते. त्याला काय ऐकू जात होतं, देव जाणे. तो मधूनमधून "हं, हं" करत होता. एकदा हसलासुद्धा. मग फोन बंद झाला.

मी त्याच दिवशी विमानाचं तिकीट काढलं. उद्याच्या आधीची जागा मिळाली नाही. उद्या दुपारी निघायचं आहे.

आज सकाळी बॅग भरत होते, तेव्हा डार्लाचा मेसेज आला.

"ताई, न कळवता आलात? आत्ता दाराबाहेर तुमचा आवाज ऐकला. रॉइस उघडायला धावलाय. किती दिवसांनी हसला तो."

मी माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे. चार हजार मैलांवर.

तेव्हापासून फोन लावतेय. डार्ला उचलत नाही. रॉइस मात्र पहिल्याच घंटीला उचलतो.

"ठीक आहे मी, ताई," म्हणतो. "तू आलीस ना आता."