निळं न झालेलं रक्त

दोन काचबशांत दोन थेंब पडले. पहिला जांभळा झाला, मग काळपट, मग मोराच्या मानेसारखा निळा. दुसरा लालच राहिला.

"बिघडलं की जमलं?" ओजसनं विचारलं.

"जमलं," हर्षला म्हणाली आणि स्वतःच्या बोटावर कापूस दाबून धरला. लाल राहिलेला थेंब त्या बोटातला होता.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅड कंपनीच्या या प्रयोगशाळेत डॉ. हर्षला वाघुळदे नवे विकर, म्हणजे एन्झाइम, घडवायची आणि ओजस गांगुर्डे त्यांच्या चाचण्या घ्यायचा. निळा झालेला थेंब ओजसचा होता, पाळीचा. ओजस मुलगी म्हणून जन्मला होता, पुरुष म्हणून जगत होता, आणि महिन्याच्या महिन्याला त्याला पाळी येत होती. "मनाचा निर्णय झालाय, शरीराला अजून सर्क्युलर पोचलेलं नाही," असं तो सांगायचा. नमुन्याची कुपी देताना तो दर वेळी एकच विनोद करायचा, "घ्या मॅडम. कंपनीसाठी रक्ताचं पाणी करणारा मी एकटाच."

आज त्यानं तो केला नव्हता. तो दोन्ही बशांकडे आळीपाळीनं पाहत होता.

"मागच्या विकराचे असले नखरे नव्हते. रक्त दिसलं की निळं."

"मागचा आंधळा होता. मार लागला की अंग काळंनिळं का पडतं? सांडलेल्या रक्तातला लाल भाग शरीर हळूहळू मोडत बसतं, म्हणून. आपला नीलक विकर तेच काम झपाट्यानं करतो. कुणाचं रक्त, कुठलं रक्त, त्याला काही देणंघेणं नव्हतं. या नव्याला मी कुलूप घातलंय."

"आणि किल्ली?"

"पाळीच्या रक्तातच असते. जखमेतलं रक्त गोठतं, कारण त्यात तंतूंचं जाळं विणलं जातं. गर्भाशयातही तसंच होतं, पण तिथे शरीर ते जाळं पुन्हा स्वतःच तोडतं आणि मग रक्त बाहेर सोडतं. त्या तुटक्या जाळ्याचे तुकडे रक्तात तरंगत असतात. ते तुकडे म्हणजे किल्ली. ते भेटले तरच नीलक जागा होतो."

"आणि रक्त फारच वेगानं जात असेल तर?"

"तर विणायला आणि तोडायला वेळच मिळत नाही. रक्त जसंच्या तसं येतं, जखमेतून यावं तसं."

"म्हणजे बेतात असलं तर निळं. हाताबाहेर गेलं की लाल." ओजस थांबला. "मॅडम, शमूच्या वेळी हे असतं तर..."

"नव्हतं," हर्षला म्हणाली आणि बशा धुवायला घेऊन गेली.

*

निळाई पॅडची मूळ कल्पना निखिलेश पारसनीसची. तो कंपनीचा विपणन संचालक. वर्षानुवर्षं पॅडच्या जाहिरातीत निळं पाणी ओततात, आणि लोक त्यावर हसतात, चिडतात, खोटेपणा म्हणतात. पारसनीसनं भर सभेत टेबलावर थाप मारली होती. "जाहिरात खोटी वाटते ना? मग रक्तच जाहिरातीसारखं करू!"

हर्षलानं ते करून दाखवलं. नाशकातल्या शाळांमध्ये निळाई चाचणीसाठी वाटायचं ठरलं, त्या वेळच्या समारंभात पारसनीसनं मंचावर स्वतःचं बोट टोचून पॅडवर दाबलं. पॅड निळं झालं, टाळ्या पडल्या. बोट टोचणं ही त्याची खूणच होती. साखर तपासायच्या पट्ट्या बाजारात आणल्या तेव्हाही त्यानं टोचलं होतं, आणि ते छायाचित्र त्याच्या केबिनमध्ये लावलेलं होतं.

शमू, म्हणजे शाल्मली, हर्षलाची मुलगी, सातवीत होती. तिची पहिली पाळी निळाईवरच आली.

हर्षला सगळ्यावर नजर ठेवणारी आई होती. डबा पूर्ण संपला का, दप्तराचा पट्टा खांद्यात रुततो का, रिक्षावाला नवा आहे का, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. हे सुटलं. शमू थकलेली दिसली तेव्हा तिनं विचारलंही होतं, "फार जातंय का गं?" शमू म्हणाली होती, "नाही गं, नॉर्मल आहे." मग शाळेत खो-खोच्या सरावात पोरगी खांबाला धरून उभी राहिली आणि तशीच खाली घसरली.

हॉस्पिटलमध्ये बाटलीमागून बाटली रक्त चढत होतं. रक्त गोठण्यातला जन्मजात दोष निघाला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून हर्षलाकडे पाहिलं. "इतकं जात होतं, घरात कुणालाच दिसलं नाही?"

शमूनंच उत्तर दिलं. ओठ पांढरे पडले होते. "निळंच होतं की. टीव्हीत दाखवतात तसं. मला वाटलं, छान चाललंय."

त्या दिवसापासून रोज सकाळी हर्षला शमूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहायची. आतला लाल रंग शोधायची. जो रंग पुसण्यासाठी तिनं एवढं डोकं चालवलं होतं, तोच.

*

कंपनीची सभा भरली ती निवेदन ठरवायला. पारसनीसनं मसुदा वाचून दाखवला. "चाचणीदरम्यान पाळी असणाऱ्या एका व्यक्तीला तात्पुरता थकवा जाणवला. उत्पादनाशी त्याचा संबंध नाही."

"तिला नाव आहे," हर्षला म्हणाली.

"हर्षला, मला तुझ्या भावना कळतात. पण आपलं धोरण सर्वसमावेशक भाषेचं आहे. आपण कुणालाही मुलगी, बाई असं म्हणत नाही. व्यक्ती म्हणतो."

कुंदाताई शेवाळे वेष्टन विभाग बघायच्या, पंचविशीपासून इथेच होत्या. त्यांनी हातातलं पेन आपटलं. "मी पहिल्या दिवसापासून ओरडतेय. खोक्यावरून बाई काढली, मुलगी काढली. नऊ महिने पोटात ठेवायचं आम्ही, कळा सोसायच्या आम्ही, आणि खोक्यावर कोण, तर व्यक्ती! आम्ही काय हद्दपार?"

"ताई, तुमचा शब्द काढा असं मी कधीच म्हटलं नव्हतं," ओजस म्हणाला. "माझाही घाला म्हटलं होतं. मी दुकानात गेलो की दुकानदार विचारतो, वहिनींसाठी का? तेवढ्यापुरतं. तुमचा शब्द काढला तो यांनी."

"मग तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो. मला पोस्टरवर घ्यायला निघाले. म्हटलं, पोस्टर नको, पुरुषांच्या बाथरूममध्ये एक डस्टबिन ठेवा. वापरलेलं पॅड मी टाकू कुठे? दोन वर्षं झाली, अजून ठेवलेला नाही."

"ते ॲडमिनकडे आहे," पारसनीस म्हणाला.

"सर, व्यक्ती हा शब्द आम्ही माणूस म्हणून दिसावं म्हणून मागितला होता. तुम्ही त्याच्यामागे पोर लपवताय."

कुंदाताईंनी ओजसकडे निराळ्याच नजरेनं पाहिलं आणि आपल्यासमोरची चहाची बशी त्याच्याकडे सरकवली.

हर्षलानं तेव्हाच मागितलं होतं, नीलक काढून टाका, पॅड साधं पांढरं राहू द्या. पारसनीस हसला. "लाल दिसलं की बायका घाबरतात. म्हणजे, व्यक्ती घाबरतात. निळाईचा जीव निळ्यात आहे."

निवेदन जसंच्या तसं गेलं. शमू वर्तमानपत्रात तीन ओळींची एक व्यक्ती झाली.

हर्षला रडली नाही. ती प्रयोगशाळेत गेली आणि कुलूप घडवायला बसली.

*

नवा नीलक तयार झाला तेव्हा तिनं पारसनीसला केबिनमध्ये गाठून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. हा फक्त पाळीच्या रक्तावर चालतो. रक्त प्रमाणाबाहेर, ताजं येत असेल तर लाल राहतं. तो धोक्याचा इशारा आहे.

पारसनीस फोनवर मंचाच्या सजावटीची चित्रं सरकवत होता. "निळं होतंय ना?"

"पाळीचं रक्त निळं होतं."

"मग झालं. सगळ्या मालात हेच घाला. देशभर एकदम उतरवायचंय."

कुंदाताईंनी वेष्टनाच्या आतल्या झडपेवर ठळक अक्षरांत एक ओळ छापून घेतली: लाल राहिलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. संचालकसाहेब खोक्याची फक्त दर्शनी बाजू बघतात, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं.

"मॅडम, साहेब मंचावर पुन्हा बोट टोचणार," ओजस म्हणाला. "आठवण करून द्यायची का?"

"मी सांगितलंय."

"त्यांनी ऐकलं नाही."

"माझ्या मुलीबद्दलही ऐकलं नव्हतं," हर्षला म्हणाली. त्या संध्याकाळी ती टोचायच्या सुया भरलेला खोका उघडून पाहत होती, तेव्हा तो गालातल्या गालात हसत म्हणाला, "जाडी निवडताय का?"

"साहेबांना कमी पडू नये," हर्षला म्हणाली.

*

समारंभ कंपनीच्याच सभागृहात होता. निळे पडदे, निळी फुलं, आणि मध्यभागी पांढराशुभ्र कुर्ता घातलेला पारसनीस. वार्ताहर आले होते, कॅमेरे आले होते, देशभर थेट प्रक्षेपण चालू होतं. हर्षलानं शमूला शेजारी बसवलं होतं. पोरगी औषधांवर होती, गालांवर रंग परतला होता. मंचावर जाता जाता पारसनीसनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कितवीत आहेस, बेटा?" उत्तराची वाट न बघता तो पुढे गेला.

"आई, त्यांनी मला ओळखलं नाही?"

"ओळखतील," हर्षला म्हणाली.

पारसनीसनं माइक घेतला. "लोक म्हणतात, पाळी बायकांची. मी म्हणतो, पाळी सगळ्यांची! रक्ताला भेद नसतो, मित्रहो. आज या पॅडवर मी माझं रक्त देतो. पाळी माझीही!"

त्यानं बोट टोचलं, पॅडवर दाबलं आणि पॅड कॅमेऱ्यासमोर धरलं. मागच्या पडद्यावर ते खोलीएवढं दिसू लागलं.

थेंब लाल होता. पारसनीस हसत थांबला. थेंब पसरला. लालच होता.

"क्षणभर लागतो," तो म्हणाला आणि बोट आणखी दाबलं. सुई जाड होती, रक्त मुबलक आलं. निळ्या पडद्यांच्या मधोमध एक मोठा, ओला, लालभडक डाग वाढत गेला. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं.

"सर, माल बिघडलाय का?" एका वार्ताहर मुलीनं विचारलं.

"हर्षला!" पारसनीस माइकमधूनच ओरडला. "हे काय आहे?"

हर्षला या प्रश्नाची किती दिवस वाट पाहत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. ती सावकाश उठली, साडीचा पदर नीट केला आणि खालचा माइक हातात घेतला.

"काही बिघडलेलं नाही, सर. पॅड बरोबर सांगतंय. तुम्हाला पाळी आलेली नाही. तुम्हाला जखम झालीय."

सभागृह हशानं फुटलं. तिनं हसू ओसरू दिलं.

"हे पॅड पाळी आणि जखम यांतला फरक ओळखतं. आधीचं ओळखत नव्हतं. म्हणून मागच्या वेळी तुमच्या बोटातलं रक्तही निळं झालं आणि टाळ्या पडल्या. आणि म्हणूनच एका मुलीचं जीवावर बेतलेलं रक्तही निळंच दिसलं."

आता कुणी हसत नव्हतं. वार्ताहर मुलगी पुढे आली. "सर, त्या म्हणतात ते खरं आहे? की पॅड सदोष आहे?"

पारसनीस हुशार माणूस होता. सापळा त्याला लगेच दिसला, म्हणूनच त्याचा चेहरा उतरला. सदोष म्हणावं, तर बाहेर भरून उभे असलेले ट्रक हलणार नाहीत, निळाई आजच संपली. बरोबर म्हणावं, तर आधीचं पॅड काय लपवत होतं, हे स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या रक्ताच्या साक्षीनं कबूल करावं लागणार. तिसरी वाट नव्हती. हर्षलानं ती ठेवलीच नव्हती.

"पॅड बरोबर आहे," तो पुटपुटला.

"मोठ्यानं, सर!" मागून कुंदाताई. "इकडं ऐकू येईना!"

"पॅड बरोबर आहे. आधीच्यात... दोष होता."

"त्या दोषाचा त्रास कुणाला झाला?" वार्ताहर मुलीनं विचारलं.

"चाचणीत एका व्यक्..."

"मला," शमू उभी राहिली. आवाज कापत होता, पण ती खाली बसली नाही. "मी शाल्मली वाघुळदे. सातवी ब. मुलगी आहे मी."

सगळे कॅमेरे वळले. हर्षलानं शमूचा हात धरला. तो गरम होता.

पारसनीस मंचावरून उतरला, तो थेट कडेच्या दारातून पुरुषांच्या बाथरूममध्ये शिरला. कॅमेरे धावत त्याच्यामागे गेले आणि दाराशी थांबले. थोड्या वेळानं तो बाहेर आला. पॅड अजून हातातच होतं, आणि बोट अजून ठिबकत होतं.

"हे टाकायला आत एक डस्टबिनसुद्धा नाही?"

दाराशी ओजस हाताची घडी घालून उभा होता.

"नाही सर. ॲडमिनकडे आहे." त्यानं पारसनीसच्या कुर्त्याकडे बोट दाखवलं. "खिशात ठेवा. मी तेच करतो."

पारसनीसनं कॅमेऱ्यांकडे पाहिलं, मग हातातल्या पॅडकडे, आणि मग खाली, आपल्या पांढऱ्याशुभ्र खिशाकडे.